उलट्या गाडीने उतरणारा दत्ताराम

दत्ताराम, मध्यंतरी कारखान्यात तुझी शोकसभा झाली आणि तिच्यातलं पहिलंच वाक्य खोटं होतं. वर्क्स मॅनेजर उभे राहिले, त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "दत्ताराम हा अत्यंत आज्ञाधारक कामगार होता." मागच्या रांगेत मशीनशॉपमधला कोणीतरी खोकला. त्या दिवशी तुझ्याबद्दल जे काही बोललं गेलं, त्यात तो खोकला सगळ्यात प्रामाणिक होता.

टेबलावर तुझा फोटो होता. ओळखपत्रावरचाच मोठा करून घेतलेला. मोठा केल्यामुळे तू पोलीस चौकीच्या भिंतीवर लावण्याजोगा दिसत होतास. हार मात्र ताजा होता. दोन मिनिटं शांतता पाळायचं ठरलं. मी घड्याळाकडे बघत होतो, शांतता चाळीस सेकंदांत संपली, कारण साहेबांना दुसरी मीटिंग होती. तू असतास तर म्हणाला असतास, "बरा झाला, चाय तरी गरम गावली."

तर तू आज्ञाधारक होतास असं वरच्या मजल्यावर ठरलं. खालच्या मजल्यावर, पर्सोनेल खात्याच्या कपाटात, तुझी फाइल आहे. तिच्यात तुझ्यावरचं आरोपपत्र आहे आणि त्यात लिहिलंय की तू वरिष्ठांचा हुकूम मोडलास, कंपनीच्या गाडीची किल्ली खिशात घालून निघून गेलास, आणि पाहुण्यांसमोर कंपनीची शोभा केलीस. एकाच जिन्याच्या वर एक दत्ताराम आणि खाली दुसरा. त्यातला खालचा खरा. त्याचाच मला अभिमान आहे. आणि त्या फाइलच्या शेवटच्या पानावर तुझ्याविरुद्ध सही आहे ती माझी.

म्हणून हे लिहितोय. तुझ्या आत्म्याला शांती वगैरे मी मागत नाही. तू शांत बसलेला मला कधी आवडला नाहीस.

आपलं यार्ड तुला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्या बाकीच्यांना नाही, म्हणून सांगतो. मरोळच्या आपल्या कारखान्याच्या मागे पूर्वी दगडाची खाण होती. खाण संपल्यावर ज्याला जे टाकायचं होतं त्याने ते तिच्यात टाकलं: मुरूम, विटांचे तुकडे, फाउंड्रीची राख, जुनी लाकडं. वर माती पसरली आणि तिला यार्ड म्हणायला सुरुवात झाली. वरच्या अंगाला शेड, खालच्या अंगाला फाटक, मधे उतार. भिंत जिथे पडली आहे तिथून आरे कॉलनीतल्या म्हशी अधूनमधून आत यायच्या. यार्डात वाहतुकीचे नियम पाळणारं तेवढं एकच जनावर, असं तू म्हणायचास. दर पावसाळ्यात ही जमीन नव्या ठिकाणी खचायची, आणि तू चालवायचास ती ओझी उचलणारी फोर्कलिफ्ट, म्हणजे आपली 'गाडी', होती शेडच्या गुळगुळीत लादीसाठी घेतलेली, लहान भरीव चाकांची. यार्डासाठी मोठ्या टायरची गाडी हवी, असा तुझा अर्ज दर वर्षी वर जायचा. एका वर्षी उत्तर आलं. तो एक बोर्ड होता, 'सुरक्षितता प्रथम' असा. अक्षरं चांगली जाडजूड होती. चाकं तेवढी जाड असती तर बोर्डाची गरज पडली नसती.

मग तू तुझीच पद्धत काढलीस. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी पहार घेऊन उतारावरून पायी चालायचास. दर दोन पावलांवर पहार आपटायचास आणि मान कलती करून आवाज ऐकायचास. आवाज खणखणीत आला की पुढे. बद्द आला की तिथे काठी रोवून तिला लाल चिंधी बांधायचीस, आणि वाट तिथूनच काढावी लागणार असेल तर वर लोखंडी प्लेट टाकायचास. मी खिडकीतून ओरडायचो, "डॉक्टर, पेशंट कसा आहे?" तू वर न बघता म्हणायचास, "आधी जमिनीक इचारूचा, मगे गाडी काढूची." पंधरा मिनिटं जायची. तेवढ्या वेळात मी वर्तमानपत्र वाचून देशाची काळजी करायचो. आपल्या दोघांत कामाचं कोण करत होतं, हे आता लिहायला नको.

मी डिस्पॅचला मालाची चलनं लिहायला नवा लागलो तेव्हा तू मला शिकवायला आला होतास. कोणी सांगितलं नव्हतं. "तू चलनार लिवतंस, गाडी किती उचलता ता तुका कळूक होया," म्हणालास. माझ्या टेबलावरची फूटपट्टी डस्टरवर आडवी ठेवलीस. एका टोकाला माझा जेवणाचा डबा, दुसऱ्या टोकाला शाईची दौत. "ह्यो डबो म्हणजे लोड. ही दौत म्हणजे इंजिन. डबो खाली दाबता, दौत त्येका धरून ठेवता." मग तू टेबलाची एक बाजू उचललीस, डब्याची बाजू उताराला करून. डबा घसरला, दौत हवेत गेली आणि सगळी शाई डिस्पॅच रजिस्टरवर.

"समाजला?"

"समजलं. रजिस्टरलाही समजलं."

पण ते खरोखर समजलं होतं. भरलेली गाडी उताराला तोंड करून उतरवली की वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. फोर्कलिफ्ट वळते ती मागच्या चाकांवर. ती हलकी झाली की स्टिअरिंग नुसतं हातात धरायला उरतं. म्हणून चढताना तोंड वर, उतरतानाही तोंड वरच. म्हणजे उतरायचं उलटं, मान मागे वळवून, ओझं धरणारे पुढचे दात जमिनीपासून वीतभर, आणि उतारावर आडवं वळायचं नाही. हे एवढंच तुझं शास्त्र. माझ्याकडे वाचनालयाची पुस्तकं ढिगाने यायची, त्यांतल्या बऱ्याच तत्त्वज्ञांना इतक्या कमी शब्दांत काही सांगता आलेलं नाही.

आणि मग तो समारंभाचा दिवस. तीन दिवस तयारी चालली होती. सरकारी योजनेसाठी बनवलेला मोठा पंप फाटकातून रवाना करायला हेड ऑफिसहून डायरेक्टर येणार होते. फाटकाजवळ मांडव, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, सनईची कॅसेट. उतारावर नवा लाल मुरूम पसरला, कारण जुनी जमीन फोटोत बरी दिसत नव्हती. तुझ्या काठ्या आणि चिंध्या उपटून कोपऱ्यात टाकल्या, कारण त्याही बऱ्या दिसत नव्हत्या. पंपाच्या खोक्याला दर्शनी बाजूने हार आणि कंपनीच्या नावाचा फलक. तू खोका उचललास, शेडच्या तोंडाशी गाडी वळवलीस आणि नेहमीप्रमाणे उलटा उतरायला निघालास. वर्क्स मॅनेजर धावत वर आले. पुढचं सगळं मशीनशॉपच्या माणसांनी ऐकलं आणि मला दहा वेळा सांगितलं, त्यामुळे मी तिथे असल्यासारखं मला पाठ आहे.

"अरे, सरळ ये! सरळ!"

"लोड घेऊन सरळ नाय उतरत, साहेब."

"डायरेक्टर साहेब समोर बसलेत. त्यांच्याकडे पाठ करून येणार तू? गाडीचं बूड दाखवणार त्यांना? हार कुठल्या बाजूला लावलाय बघ की!"

"साहेब, बूड दाखवलेलं परवडलं. तोंडावर पडलेलं नाय परवडत."

कोणीतरी हसलं. तिथेच तुझी वाट लागली. हसं झालं नसतं तर कदाचित साहेब ऐकते.

"ही ऑर्डर आहे, दत्ताराम."

"खाली कसला मुरूम टाकलाय, किती टाकलाय, माका ठाऊक नाय. माझ्या चिंध्या खंय गेल्या ता पण ठाऊक नाय. चिंध्या आणून द्या, मगे बोलूया."

मग तू खोका वरच, सपाट जागेवर, हळूच खाली टेकवलास. इंजिन बंद केलंस. किल्ली शर्टाच्या खिशात टाकलीस, खिशाचं बटण लावलंस आणि कँटीनमध्ये जाऊन बसलास. खाली सनई चालूच होती.

पुढचं तू पाहिलं नाहीस. डायरेक्टर धापा टाकत स्वतः उतार चढून वर आले. त्यांना गाडीवर बसवलं, स्टिअरिंग हातात दिलं, आणि हाराच्या बाजूने फोटो काढला. कंपनीच्या मासिकात तो छापून आलाय. खाली मजकूर आहे, 'सुकाणू समर्थ हाती'. इंजिन बंद, किल्ली तुझ्या खिशात. हे मासिक मी जपून ठेवलंय. खोटं न बोलता इतकी मोठी थाप मारलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही.

पाहुणे गेल्यावर तू कँटीनमधून आलास. पहार घेऊन उतारावरून चाललास, दोन ठिकाणी प्लेटा टाकल्यास, आणि पंप उलटा उतरवून ट्रेलरवर चढवलास. दिवे लागायच्या आत तो फाटकाबाहेर होता. हारसुद्धा कोमेजला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तुला आरोपपत्र मिळालं. त्याच दिवशी साहेबांनी मला बोलावलं. समोर टाइप केलेला कागद होता: सदर प्रसंगी मी हजर होतो, उताराची जमीन कोरडी व घट्ट होती, गाडी सरळ उतरवण्यास कोणतीही अडचण दिसत नव्हती. मी हजर कुठे होतो? वरच्या मजल्यावर खिडकीशी. तिथून मला मांडवाचं कापड आणि काही टकलं दिसत होती. जमीन दिसत नव्हती. आणि दिसली असती तरी ती घट्ट आहे की नाही, हे खिडकीतून कसं कळणार? तुलासुद्धा पहार लागायची.

मी सही केली. लोकांना वाटतं, साहेबांनी धमकावलं असेल. नाही. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. अठरा वर्षांत पहिल्यांदा. चहा मागवला, कपबशीतून. मी आयुष्यभर लोकांच्या थाटामाटाची टवाळी केली, आणि मला विकत घ्यायला एक खुर्ची पुरली.

तुला ते कळलं. कारखान्यात काय लपतं? संध्याकाळी बस स्टॉपवर तू माझ्या शेजारी येऊन उभा राहिलास. म्हणालास, "सही चांगली करतंस रे शिरसाट. वळणदार."

मला राग आला. चूक आपली असली की राग लवकर येतो. मी म्हटलं, "पाच मिनिटांचा प्रश्न होता, दत्ताराम. चाळीस पावलांचा उतार. एकदा सरळ आला असतास तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"पडूक पाच मिनटां लागनत नाय."

"पण पडला नसतास! तुझ्याइतकी गाडी कोणाला येते? तू सावकाश आणली असतीस तर काहीही झालं नसतं."

"नसता झाला. बरोबर." तू मान डोलावलीस. "मी येवन पोचलंय असतंय. टाळ्यो वाजवल्यो असत्यो. आणि दुसऱ्या दिवशी साहेब म्हणतले, काल आलंस, आज कित्याक नाय? वर गाडी वळवूक टायम जाता. मगे रोज सरळ. माका येता रे. पण माझ्या मागसून जो येतलो, त्येका येता काय?"

मी म्हटलं, मागून येणाऱ्याचं मागून येणारा बघेल. तुझा भाऊ गिरणी बंद पडल्यापासून गावी आंब्यांना पाणी घालतोय, तुला ही नोकरी घालवायची आहे का? तू माझ्याकडे बघितलंस. काहीतरी म्हणणार होतास. माझी मुलुंडची बस आली आणि मी चढलो. दुसरी बस होती की, दत्ताराम. दर वीस मिनिटांनी असते. मला तीच पकडायची होती.

त्यानंतर नऊ दिवस आपण फक्त चलनांपुरतं बोललो. दहाव्या दिवशी सकाळी, अंघोळीचं पाणी काढताना, तुझं हृदय थांबलं. चौकशी पुढच्या सोमवारी होती.

असल्फ्याच्या डोंगरावरच्या तुझ्या चाळीत मी बाराव्याला आलो. पायऱ्या मोजल्या नाहीत, पण दोनदा बसलो. वहिनींनी चहा दिला. त्यांना त्या कागदाचं माहीत असेल असं समजून मी मान खाली घालून आलो होतो. त्या म्हणाल्या, "शिरसाट भावजी, रोज सकाळी ते आरशासमोर उभे राहून बोलायचे. चौकशीत काय सांगायचं त्याची तयारी. आपल्या भाषेत नाय, तुमच्या भाषेत, छापील. 'महोदय, माझे म्हणणे असे आहे की.' मला हसू यायचं. माझ्यावर डाफरायचे."

मी विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलला?"

"बोलले की. मी म्हटलं, त्या शिरसाटांनी उलट साक्ष दिली असं ऐकते. तर म्हणाले, कागदावर दिली असेल. समोर उभा केल्यावर तो खोटं बोलणार नाय. पुस्तकं वाचतो, लाजतो."

दत्ताराम, तू मला शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. शिव्या मी पचवल्या असत्या. तू माझ्यावर भरवसा ठेवून बसलास, आणि तो खरा ठरायच्या आधी निघून गेलास. याबद्दल मी तुझ्यावर रागावलेलो आहे. राहणार आहे.

आता एक गोष्ट तुला सांगायची, जी तुला आवडणार नाही. तो उतार खचलेला नाही. गोष्टीत असता तर पहिल्याच सरीत नवा मुरूम वाहून गेला असता, मोठा खड्डा पडला असता आणि साहेबांची मान खाली गेली असती. इथे तसलं काही झालेलं नाही. मुरूम जागच्या जागी आहे. कँटीनमध्ये लोक म्हणतात, "बघा, उगाच तमाशा केला त्याने." त्यांना काय सांगू? तू इतकी वर्षं काय केलंस, त्याचा कुठेच पुरावा नाही. कोणाचा पाय गेला नाही, कोणाची बायको विधवा झाली नाही, याची पावती कोणी फाडत नाही. न पडलेल्या माणसांची यादी लावायला त्या 'सुरक्षितता प्रथम'च्या बोर्डवर जागा नाही. पण मी त्यातल्या निदान चौघांना नावाने ओळखतो. ते तुझ्या गाडीच्या खालच्या अंगाने रोज जा-ये करायचे. त्यातला एक मी.

तुझ्या जागी इस्माईल आलाय. चाळिशीचा माणूस, कुर्ल्याला गोदामात गाडी चालवायचा. हात चांगला आहे, पण सगळं काम लादीवरचं. तो आला त्याच आठवड्यात नोटीस लागली: ऑपरेटरने वाहन वरिष्ठांच्या सूचनेनुसारच चालवावे, अन्यथा कारवाई. आणि सूचना अशी की भरलेली गाडी सरळ उतरवायची, वळवण्यात वेळ घालवायचा नाही. तू बस स्टॉपवर सांगितलं होतंस अगदी तसं. पहिल्या दिवशी इस्माईल सरळ आला, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांचे शब्दही तेच, 'काल आलास, आज का नाही'.

गेल्या मंगळवारी इस्माईल चलनावर सही घ्यायला वर आला आणि दारात घुटमळला.

"शिरसाट साहब, एक बात पूछूं? पहलेवाला उल्टा उतरता था ना?"

"हां."

"मेरे को भी उल्टा ही ठीक लगता है. सीधा आता हूं तो पीछे से गाड़ी हल्की लगती है. लेकिन मॅनेजर बोला, पहलेवाले को इसी बात पे चार्जशीट मिला. गवाह भी था, बोला."

"गवाह मी होतो," मी म्हटलं.

त्याने सही घेतली आणि गेला. खिडकीतून मला मांडवाशिवाय आता पुष्कळ दिसतं. तो खोका घेऊन सरळ उतरताना मी पाहिला. मागची चाकं मला हवेत दिसली. दिसली नसतीलही. मी पुन्हा खिडकीतच होतो.

दुसऱ्या दिवशी मी पर्सोनेल ऑफिसरकडे गेलो. हातात एक कागद होता, मराठीत, माझ्या वळणदार अक्षरात. त्यांनी वाचला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शोकसभेत गाणं म्हटलंय.

"शिरसाट, ती फाइल बंद झाली. मयत माणसाविरुद्ध आपण कारवाई चालू ठेवत नाही."

"त्याच्याविरुद्ध ठेवू नका. पण माझी साक्ष त्यात जिवंत आहे. तिच्यावर नोटीस निघालीय."

"अहो, तो नुसता कागद आहे."

"मग हाही नुसता कागद आहे. आवक शिक्का मारा."

"यात तुम्ही लिहिताय की तुम्ही खोटी साक्ष दिली. कळतंय का तुम्हाला? तुमच्यावर चार्जशीट निघेल."

"काढा."

"एवढी वर्षं झाली तुमची. कशाला? आत्ताच तर साहेबांनी सभेत एवढं चांगलं बोलून प्रकरण गोड केलं."

"तेच दुरुस्त करायचंय," मी म्हटलं. "तो आज्ञाधारक नव्हता. तेही लिहून घ्या."

शिक्का मारताना शिपायाचा हात थांबला होता. ऑफिसरांनी होकारार्थी मान हलवल्यावर शिक्का पडला.

काल मला आरोपपत्र मिळालं. खोटी साक्ष, कंपनीची दिशाभूल, वरिष्ठांचा अवमान, आणि तळाला आणखी दोन. तुझ्यापेक्षा दोन कलमं जास्त आहेत, हे तुला सांगायला मला मजा येते आहे. साहेब कॉरिडॉरमध्ये भेटले, त्यांनी खुर्चीचं नाव काढलं नाही. युनियनचा माणूस म्हणाला, माफी लिहून दे, मिटवून टाकू. मी नाही म्हटलं.

कारण असं बघ. मी खोटं कधी बोललो, तेव्हा की आता, हे त्यांना सिद्ध करावं लागेल. ते करायचं तर त्या दिवशी उतार कसा होता, हे विचारावं लागेल. तुझी चौकशी तुझ्याबरोबर संपली असं त्यांना वाटलं होतं, ती आता माझ्या नावावर भरणार आहे. गुरुवारी अकरा वाजता. मी लेखी अर्ज दिलाय की चौकशी ऑफिसात होऊ नये. अधिकाऱ्यांनी खाली यावं, उतारावर उभं राहावं, आणि भरलेली गाडी सरळ उतरत असताना खालच्या बाजूला उभं राहून बघावं. अर्ज मंजूर करायचा तर त्यांना तिथे उभं राहावं लागेल. नामंजूर करायचा तर कारण लिहावं लागेल. कोणतं कारण लिहितात, ते वाचायला मी फार उत्सुक आहे.

इस्माईलला साक्षीला येशील का विचारलं. म्हणाला, घरी विचारून सांगतो. आज सकाळी येऊन म्हणाला, "आऊंगा."

उशीर झाला, मान्य. तुला याचा काही उपयोग नाही, तेही मान्य. वहिनींनाही मी काही आश्वासन दिलेलं नाही. माझी नोकरी राहील असं मला वाटत नाही आणि मी शूर आहे असंही नाही. पण तू त्या दिवशी बस स्टॉपवर विचारलं होतंस, मागून येणाऱ्याला येतं का. त्याला येतं, दत्ताराम. तुझ्यासारखंच येतं. त्याला फक्त येऊ देत नाहीत. आणि गुरुवारपर्यंत तो त्या उतारावरून रोज चार फेऱ्या सरळ उतरणार आहे.